हरणांसाठी पेरलेला अर्धा एकर

माझा भाचा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो. इकडे ठाण्यात श्रावणसरींनी गच्चीवरच्या कुंड्या तुडुंब भरलेल्या असतात, त्याच सुमारास तो तिकडे स्वतःच्या वीस एकर रानातील अर्धा एकर मोकळी जागा हरणांसाठी पेरतो. त्या पेरणीचा हेतू मला सुरुवातीला ठाऊक नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याने फोनवर विचारले, "मामा, मातीचा रिपोर्ट आलाय, जरा बघतोस का?" माझे सारे आयुष्य माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे मी आनंदाने होकार दिला, आणि पीक कोणते असे विचारल्यावर तो थोडा थांबून म्हणाला, "पीक नाही, हरणं."

तिकडे याला फूड प्लॉट म्हणतात. रानाच्या कडेला हरणांना आवडेल असे काही पेरायचे, म्हणजे शिकारीच्या हंगामात ती तिथे येतात, आणि शिकारी वाऱ्याची दिशा पाहून मचाणावर बसतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम नऊच दिवसांचा असून तो नोव्हेंबरच्या अखेरीस येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या नऊ दिवसांसाठी हा सगळा खटाटोप उन्हाळ्यापासून चालतो.

रिपोर्टमध्ये सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप; 7 च्या खाली माती आम्ल) 5.4 होता. भाच्याने मात्र खताच्या गोण्या आणि शिंगांच्या भल्यामोठ्या नराचे चित्र असलेली महागडी बियाण्याची पिशवी आधीच आणून ठेवली होती. (आपल्याकडे पाकिटावरचा दुधी माणसाच्या उंचीचा असतो, त्यातलाच हा प्रकार.) मी त्याला सांगितले की, इतक्या आम्ल मातीत स्फुरद (फॉस्फरस) हा लोह आणि ॲल्युमिनियमला बांधला जातो आणि मुळांना मिळतच नाही, त्यामुळे आधी चुना, मग खत. एकरी सुमारे दोन टनांच्या हिशेबाने दळलेली चुनखडी पसरून ती मातीत मिसळायला लावली. चुन्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, म्हणून पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नकोस, असेही बजावले. ते त्याने ऐकले नाही आणि त्या वर्षीचे सलगम लिंबाएवढेच राहिले.

काय पेरायचे, हा भाग मला सर्वांत रंजक वाटला. आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात दिसणारे चितळ मुख्यतः गवत खाते. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे पोट मात्र निवडून खाणाऱ्याचे आहे, म्हणजे कोवळे शेंडे, पाने, ओकची फळे आणि रसदार द्विदल वनस्पती त्याला लागतात, आणि निव्वळ गवताचे कुरण करून दिले तर ते त्याकडे फारसे वळणार नाही. आपल्या भेकराशी त्याचे अधिक जुळेल. म्हणून अर्ध्या जागेत पांढरा क्लोव्हर लावला. हे मेथीघासाच्या कुळातले, हवेतील नत्र मुळांवरच्या गाठींमध्ये साठवणारे पीक आहे, त्यामुळे बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू संवर्धन चोळायला सांगितले आणि नत्रखत पूर्ण बंद केले. हे बी नाचणीपेक्षाही बारीक असते. ते पाव इंचाहून खोल गेले तर उगवत नाही, म्हणून नुसते फेकून वरून रोलर फिरवायचा. त्याच्याबरोबर ओट्स पेरले, कारण ते लवकर वाढून कोवळ्या रोपांना आडोसा देतात, हिवाळ्यात आपोआप मरतात आणि वसंतात क्लोव्हरला जागा मोकळी करून देतात.

उरलेल्या जागेत सलगम आणि मुळा. हरणे सप्टेंबरात सलगमची पाने हुंगून पुढे जातात, असे भाचा वैतागून सांगत होता. याचे कारण साधे आहे: थंडीचा कडाका सुरू झाला की या कुळातील वनस्पतींमध्ये साखर वाढते आणि मगच ती हरणांना गोड लागतात. ज्यांना हंगामाच्या ऐन वेळी हरणे हवी असतात, ते म्हणूनच ही पिके पेरतात.

शिकार मला रुचत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याचे म्हणणे असे की, तिथे हरणांची संख्या इतकी वाढली आहे की ओकची रोपे वाढूच शकत नाहीत, आणि मारलेल्या हरणाचे मांस घरात वर्षभर खाल्ले जाते. पहिले मी मान्य केले; दुसऱ्यावर काही बोललो नाही. माझा खरा प्रश्न वेगळा होता: हा चारा की आमिष? विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली हरणांना होणारा एक असाध्य मेंदुरोग आढळला. तो लाळेतूनही पसरतो, म्हणून रोगग्रस्त परगण्यांमध्ये मक्याचे ढीग घालून हरणे बोलावण्यास बंदी आहे. शेतासारखे पेरलेले पीक मात्र चालते, कारण तिथे दहा हरणांची तोंडे एकाच ढिगात जात नाहीत. रोगाच्या दृष्टीने हा फरक मला पटतो. हेतूच्या दृष्टीने फरक कुठे आहे, ते भाच्यालाही सांगता आले नाही. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर शिकारीच्या व्याख्येतच वन्यप्राण्याला आमिष दाखवणे हेही येते. घोडबंदर रोडच्या पलीकडे याच हेतूने कोणी पेरणी केली, तर गोळी न झाडताही तो गुन्हेगार ठरू शकेल.

गंमत अशी की, मातीचे आणि चाऱ्याचे हेच ज्ञान आपल्याकडे अगदी उलट कामाला येते. ताडोब्यात जामणी, नवेगाव यांसारखी गावे उठल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर कुरणे तयार झाली, आणि ती टिकवण्यासाठी घाणेरी, रानतुळस, तरोटा उपटावा लागतो, मारवेल आणि पवन्यासारखी गवते वाढू द्यावी लागतात. तिथेही चितळ यावे म्हणूनच हे करतात. मचाणावरच्या माणसाच्या जागी वाघ असतो एवढेच.

दुसऱ्या वर्षी मी त्याला शेतात तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा ठोकायला सांगितले. बाहेर आणि आत एकच पीक, पण आत हरणाचे तोंड पोहोचत नाही. ऑक्टोबरात त्याने फोटो पाठवला, तेव्हा जाळीच्या आत क्लोव्हर घोट्याच्या वर होता आणि बाहेर बोटभरही उरला नव्हता. त्या नऊ दिवसांत मात्र सारी हरणे अंधार पडल्यावरच आली, आणि सूर्यास्तानंतर काही मिनिटांनी गोळी झाडण्याची वेळ संपते, त्यामुळे भाचा नुसता पाहत बसला.

या वर्षीचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. सामू 6.3 झाला आहे. चुना आता थांबव, पालाश (पोटॅश) थोडे कमी आहे ते दे, आणि सलगमची जागा क्लोव्हरशी बदल, असे मी कळवले आहे.