रोझमार्कीचा डॉक्टर

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसहून केसॉक पूल ओलांडला की ब्लॅक आइल लागतं. नाव बेटाचं, पण बेट नव्हे. तीन बाजूंना पाणी, एवढंच. लोक इथे येतात ते चॅनोनरी पॉइंटवर डॉल्फिन बघायला. भाचीने त्यासाठीच गाडी काढली होती. मी म्हटलं, आधी रोझमार्कीला थांबू, एक कबर बघायची आहे.

"मामा, मुंबईहून एवढ्या लांब येऊन कबर?"

पण हे खूळ मुंबईतच डोक्यात शिरलेलं. कुलाब्याहून नेव्ही नगरकडे जाताना अफगाण चर्च लागतं. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं. आत अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र लिहिलंय की ते इतके होते की त्यांची नावं नोंदणं शक्य नाही. ती ओळ वाचल्यापासून मी या युद्धाच्या मागे लागलो, आणि वाटेत डॉ. विल्यम ब्रायडन भेटला.

जन्म १८११, लंडनचा. कंपनीच्या बंगाल लष्करात सहायक सर्जन. ६ जानेवारी १८४२ रोजी इंग्रजांनी काबूल सोडलं तेव्हा सुमारे साडेचार हजार सैनिक होते, त्यांतले बहुतेक हिंदी, आणि बरोबर बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. पानिपताच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही. गुडघाभर बर्फ, दोन्ही बाजूंनी डोंगर, वरून गोळ्या. आठव्या दिवशी, १३ जानेवारीला, इंग्रजांच्या ताब्यातल्या जलालाबादच्या तटावरून एकच घोडेस्वार येताना दिसला. तोच ब्रायडन.

एकटा तोच वाचला असं सांगतात, ते खरं नाही. ओलीस आणि कैदी पुढे सुटले, काही हिंदी शिपाईही परतले. पण त्या दिवशी किल्ल्यात पोचलेला गोरा हा एकच. रात्री तटावर दिवे लावून बिगुल वाजवत राहिले, कोणी चुकलामाकला येईल म्हणून. कोणी आलं नाही.

त्याचं वाचणंही अजब. थंडीसाठी त्याने टोपीत ब्लॅकवुड्स मासिकाची काही पानं कोंबली होती. अफगाणी सुऱ्याचा घाव त्यांवर पडला आणि कवटीचा पापुद्र्याएवढा तुकडाच काय तो उडाला. मासिक एडिंबरोचं, म्हणजे इथलंच! पुढे तलवार तुटली तेव्हा त्याने उरलेली मूठ समोरच्या स्वारावर फेकली. स्वतःचा घोडा गेल्यावर ज्या तट्टावर तो पुढे निघाला ते एका जबर जखमी हिंदी सैनिकाने त्याला देऊ केलेलं. किल्ल्यात तबेल्यात नेताच ते तट्टू आडवं झालं आणि मेलं.

रोझमार्कीचं चर्च गावाच्या मधोमध आहे. पाऊस रिमझिम, गवत ओलं, दगडांवर शेवाळ. मी ओळीने नावं वाचत निघालो. एवढे मॅकेन्झी एका जागी मी कधी पाहिले नव्हते. वीसेक मिनिटांनी भाचीनेच हाक मारली. शेवाळ मी बोटाने खरवडलं आणि लगेच ओशाळलो. दुसऱ्याच्या गावात असं करू नये.

हा माणूस पुन्हा एकदा वाचला होता. १८५७ला तो लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात सापडला, बायको-मुलांसकट. मांडीत गोळी लागली, पण तगला. १८५९ला निवृत्त झाला आणि २० मार्च १८७३ रोजी इथून जवळच, निगजवळच्या वेस्टफील्डला, स्वतःच्या घरी वारला. सहा वर्षांनी लेडी बटलर यांनी त्याचं चित्र काढलं: मान टाकलेलं तट्टू, वर झुकलेला स्वार. तोपर्यंत तो मातीत होता.

"आणि तट्टू दिलं त्याचं नाव?" भाचीने विचारलं.

"सैनिक," मी म्हटलं. "तेवढंच."

ती काही बोलली नाही. चॅनोनरी पॉइंटला पोचलो तेव्हा ओहोटी. डॉल्फिन भरतीच्या पाण्याबरोबर येतात, हे तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, म्हणजे आमचे दोन तास फुकट. वारा असा की कान बधिर झाले. भाचीने गाडीतून फुकटात मिळालेली डॉल्फिनची माहितीपत्रिका आणली, घडी घातली आणि माझ्या कानटोपीत सारली.