सामू चार, सामू सात

साताऱ्यात माती-पाणी परीक्षणाच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काढली. ऊसपट्ट्यातली क्षारपड माती, विहिरींचं पाणी, आणि रोज तेच ते: सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल), ईसी (पाण्यातून वीज किती वाहते, त्यावरून क्षारांचा अंदाज), चुन्याचं प्रमाण. स्वीडनमधल्या उप्सालात आल्यावर ते सगळं सुटलं असं वाटलं होतं. मग जुलैत इथली झाडाझुडपांच्या नादाची मंडळी म्हणाली, दलदल बघायला चल. बाकीच्यांनी भिंगं घेतली, मी सामू-ईसीचं मीटर घेतलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, चिखल बघायला कुणी जातं का?"

स्वीडिशमध्ये दलदल या एका शब्दावर भागत नाही. जिला फक्त पावसाचं पाणी मिळतं ती मोस्से. जमिनीतून झिरपून आलेलं पाणी जिच्यात शिरतं ती शॅर, इंग्रजीत फेन. दोन्हींच्या पोटात पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. शॅरमध्ये पुन्हा फात्तीशॅर आणि रीकशॅर, गरीब आणि श्रीमंत. ही विभागणी उप्सालाच्या विद्यापीठातल्या लोकांनीच पक्की केली. त्यांतले एक दू रीएत्झ, तेव्हाचे तिथले प्राध्यापक. ह्यूगो श्योर्स यांनी १९४८मध्ये बेरीस्लागेन भागातल्या दलदलींवर प्रबंध लिहिला, आणि झाडांच्या याद्यांच्या जोडीला पाणीही मोजलं. पाणी मोजणारा माणूस म्हटल्यावर मला ते एकदम आपले वाटले.

पहिला थांबा मोस्सेवर. पाय ठेवला की गादीसारखं दबणारं स्फॅग्नम. (याला मराठीत शेवाळ म्हणायचं तर टाकीतल्या हिरव्या बुळबुळीतालाही आपण शेवाळच म्हणतो. पुस्तकी शब्द हरिता, पण तो कुणाच्या तोंडी नाही.) मुठीत पिळून पाणी काढलं. सामू ४.०, ईसी ४६ मायक्रोसिमेन्स. म्हणजे थोडेफार क्षार आहेत? नाही. सामू चारवर नुसत्या आम्लाचेच साधारण ३५ होतात. ते वजा केले की उरले ११, निव्वळ पाऊस. श्योर्सही अशीच वजाबाकी करत. आम्हाला लॅबमध्ये हे करायची वेळ कधी आली नव्हती, आमचं सगळं पाणी सातच्या वर.

तासाभराने रीकशॅर. इथे गवत घोट्याएवढंच, जमीन पावलागणिक हलते, पाणी थंडगार. एका झऱ्यावर तेलासारखा रंगीत तवंग होता. मी नाक मुरडलं, तर पुढे चालणाऱ्या निवृत्त मास्तरांनी काडी घातली. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले. तेल असतं तर पुन्हा जुळलं असतं. हे लोहाचं. सामू ७.१, ईसी ३८०. हिमयुगात बर्फाने इथल्या येव्ले शहराजवळच्या आखाताच्या तळाचा चुनखडक खरवडून इकडे आणून टाकला, त्यातून हे पाणी येतं. खाली तपकिरी शेवाळ, स्कॉर्पिडियम, टोकं विंचवाच्या नांगीसारखी वळलेली. त्यातून वर आलेली पांढरट आमरीची फुलं.

मग एवढ्या श्रीमंतीत गवत खुरटं का? याचं उत्तर मला मास्तरांआधी सुचलं. आपल्याकडे चुनखडीच्या रानात सुपर फॉस्फेट कितीही टाका, पिकाला लागत नाही, चुना स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतो. तेच इथे. 'श्रीमंत' हे नाव खनिजांवरून आणि त्यावर जगणाऱ्या खास वनस्पतींच्या संख्येवरून, खतपाण्यावरून नाही. म्हणून तर तिथे दवबिंदू नावाची वनस्पती किडे खाऊन जगते, आणि डबक्यात तशीच कीटकभक्षी युट्रिक्युलॅरिया, आपल्या कासवरच्या सीतेच्या आसवांची सख्खी चुलत बहीण. कासचा जांभा आणि हा चुना, रसायन उलटं, उपाशीपण तेच.

पुढे माझी फजिती झाली. त्याच रीकशॅरच्या मधोमध हातभर उंचीचा स्फॅग्नमचा उंचवटा होता. तो पिळला तर सामू ४.६. मला वाटलं मीटर बिघडलं, बफरमध्ये, म्हणजे सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवून तपासलं आणि पुन्हा लावलं. तेवढंच. हे शेवाळ स्वतःच पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं. मग या जागेला म्हणायचं काय? मास्तर म्हणाले, "तुझं मीटर आजचं पाणी सांगतं, परवाच पाऊस झालाय. शेवाळाने कित्येक वर्षं हेच पाणी प्यायलंय. आधी त्याला विचार, मग मीटरला."

लॅबवाल्या माणसाला हे पटकन गिळवत नाही. पण त्यांच्या वहीत प्रत्येक जागेसाठी आधी शेवाळांची नावं होती आणि आकडे समासात, पेन्सिलीने. मी माझ्या वहीत तसंच करून पाहिलं, तेव्हा उंचवटा आणि भोवतालचा भाग दोन वेगळ्या ओळींत आपोआप पडले. एका दलदलीला एकच नाव द्यायचा माझाच हट्ट होता.

रात्री आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ऊस येईल का तिथं?"

"नाही गं, चुनखडी आहे."

"म्हणजे आपल्या खालच्या रानासारखंच की!"