आमची वाटचाल: साडेचार रुपयांचा वाद

अप्पांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये मागावर होते. पुढे अप्पांनी पूर्व भागात दोन यंत्रमाग भाड्याने घेतले आणि टॉवेल काढायला सुरुवात केली. मी २००६ साली सून म्हणून आले तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे आठ माग होते. माल चाटी गल्लीतले व्यापारी उचलायचे. हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या आणि त्यांच्या मागोमाग सरकारी निविदाही.

पहिल्या मोठ्या निविदेत आम्ही अकरा रुपयांनी हरलो. एका सरकारी वसतिगृहासाठी चादरी हव्या होत्या. अटींमध्ये लांबी, रुंदी, वजन आणि 'उत्तम प्रत' एवढंच लिहिलेलं. ज्याचा दर सगळ्यात कमी, म्हणजे जो एल-वन, त्याला काम मिळालं. वर्षभराने त्याच वसतिगृहातली एक चादर अप्पांनी हातात घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "सूनबाई, ह्यात सूत कमी नि खळच जास्त होती." चादर कोरी असताना वजन काट्यावर बरोबर भरलं होतं. दोन धुण्यांत खळ गेली आणि विरविरीत कापड उरलं.

मी तक्रार केली. उत्तर आलं की माल अटींप्रमाणेच आहे. ते खरंच होतं, कारण धुतल्यानंतर किती वजन राहिलं पाहिजे हे अटीत कुठेच नव्हतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आमचं दुहेरी सूत आहे, पक्का रंग आहे, हे आम्ही कितीही सांगितलं तरी जे कागदावर मागितलेलं नाही त्याला निविदेत मोल नसतं. त्या एका चादरीने मला हे शिकवलं.

त्यानंतर धंद्याची दिशा बदलली. दवाखान्यांना नुसता माल विकण्यापेक्षा चादरी, टॉवेल, गाऊन आपणच पुरवायचे, धुवायचे आणि इस्त्री करून रोज पोचवायचे, असं ठरवलं. कर्ज काढून धुलाईची यंत्रं घेतली. आपलंच कापड आपणच धुवायचं असल्यावर हलकं सूत वापरून चालत नाही, नुकसान आपलंच होतं.

२०२२ मध्ये केंद्राच्या अखत्यारीतल्या एका संस्थेची अशीच निविदा निघाली. दर आणि गुणवत्ता दोन्ही धरून निवड होणार होती. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ही पद्धत मुख्यतः सल्लागार नेमण्यासाठी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ती बांधकामं आणि इतर सेवांनाही काही मर्यादेत खुली केली, मात्र एकूण गुणांत गुणवत्तेचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के, अशी अट घालून. निविदापूर्व बैठकीत मी उभी राहून म्हणाले, "कापडाची परीक्षा कोरं असताना करू नका, धुतल्यावर करा." आटणं, रंगाचा पक्केपणा, पाणी शोषणं, धुतल्यानंतरचं वजन, असे चार मुद्दे लेखी दिले. शुद्धिपत्रकात, म्हणजे निविदेच्या अटींतल्या दुरुस्तीच्या कागदात, ते चारही आले.

लिफाफे उघडले. समोरच्याचा दर किलोमागे ३० रुपये, आमचा ३४ रुपये ५० पैसे. गुणवत्तेत त्याला शंभरपैकी ६१, आम्हाला ९३. दराचे ७० गुण सगळ्यात कमी दर म्हणून त्याला पूर्ण, आम्हाला त्या प्रमाणात ६०.८७. गुणवत्तेचे ३० पैकी त्याला १८.३, आम्हाला २७.९. बेरीज त्याची ८८.३०, आमची ८८.७७. अर्ध्या गुणाहूनही कमी फरक. घरी पेढे आले, आणि चौथ्या दिवशी समोरच्याची तक्रार.

त्याचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं. शुद्धिपत्रक आमच्या सांगण्यावरून निघालं, म्हणजे निविदा आमच्या मापाने शिवलेली आहे. आणि गुणवत्तेच्या शंभरातले वीस गुण 'सादरीकरणा'ला होते, ते समितीने कशावर दिले याची फोड कुठेच नाही. पहिला मुद्दा मला अजिबात पटला नाही. बैठक सगळ्यांसाठी खुली होती, शुद्धिपत्रक सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं आणि त्या चार चाचण्या कुठलाही प्रामाणिक कारखानदार पार करू शकतो. पण दुसऱ्या मुद्द्यावर मी रात्रभर विचार केला. सादरीकरणात आम्हाला १८ होते, त्याला ९. तेवढा एक फरक पुसला तरी काम त्याचं. त्याच्या जागी मी असते तर मीही तक्रार केली असती. जास्त दर देऊन काम द्यायचं, तर ते जास्त का, हे हरलेल्याला दाखवता आलं पाहिजे. नाहीतर गुणवत्तेच्या नावाखाली कुणालाही काम देता येईल, आणि मग उद्या आमच्यासारख्या खऱ्या मालवाल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

कार्यादेश थांबला. सूत आधीच घेऊन ठेवलं होतं, बँकेचा हप्ता सुरू होता. वकिलांकडे गेलो. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच नव्हतं (ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं), म्हणजे मुंबई गाठावी लागणार होती. वकिलांनी सरळ सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालय निर्णय चांगला की वाईट हे बघत नाही, तो घेण्याची रीत बरोबर होती का हे बघतं. गुणांची फोड नसणं हा रीतीतलाच दोष. अप्पांनी एवढंच विचारलं, "आपली बाजू तिथं उभी राहील?" वकील गप्प बसले.

न्यायालयापर्यंत कुणीच गेलं नाही. पाच महिन्यांनी संस्थेने ती निविदा रद्द केली आणि नव्याने काढली. त्या पाच महिन्यांत दोन माग विकावे लागले, चौदा वर्षं आमच्याकडे असलेला एक कारागीर दुसरीकडे गेला. ते नुकसान कुठल्याही निविदेत भरून निघत नाही.

नव्या निविदेत सादरीकरणाचे गुण काढून टाकले होते. नमुन्यांवर कंपनीचं नाव नको, फक्त आकडा, आणि चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत. कुठल्या चाचणीला किती गुण हे आधीच छापलेलं. निकालासोबत प्रत्येक स्पर्धकाला आपली गुणपत्रिका. यंत्रांची फेरमांडणी करून आम्ही दर ३३ रुपयांवर आणला होता. काम आम्हालाच मिळालं. समोरच्याला आटण्याच्या चाचणीत कमी गुण पडले होते. त्याने फोन करून सूत कुठून घेता हे विचारलं, मी सांगितलं.

ते तीन वर्षांचं काम आता पूर्ण झालं. नव्या निविदेच्या बैठकीला मी आणि माझी लेक गेलो होतो. या वेळी एकच मागणी लेखी दिली: चाचणीचे नमुने करार संपेपर्यंत सीलबंद जपून ठेवावेत, म्हणजे जो जिंकेल त्याने पुरवलेली चादर कधीही त्या नमुन्याशेजारी ठेवून बघता येईल. शुद्धिपत्रकाची वाट बघतोय.