मोठे टायर लावून जामगेटला निघताय? आधी दोन्ही एक्सलचा गिअर रेशो स्वतः मोजा

इंदूर, महू, जामगेटचा डोंगरी घाट, मंडलेश्वर, महेश्वर आणि परत त्याच रस्त्याने. डांबरी रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, तो कोणत्याही गाडीने होतो. महेश्वरचा नदीवरचा घाट सुंदर आहे, सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते जामगेट उतरल्यावर नर्मदेकडे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेबद्दल, कारण तिथे कळलं की गॅरेजवाल्याने दोन एक्सलचे गिअर बदलण्याचे पैसे घेऊन काम एकाचंच केलंय.

गाडी जुनी महिंद्रा जीप, पुढेमागे सॉलिड एक्सल, चारीकडे पाटे (लीफ स्प्रिंग). टायर होते २३५/७० आर १६, ते काढून २६५/७५ आर १६ घातले. टायरची उंची ७३५ मिलिमीटरवरून ८०४ झाली, म्हणजे नऊ टक्के जास्त. ऐकायला कमी वाटतं पण गाडी मेल्यासारखी होते, टॉपमध्ये ओढत नाही, चढावर क्लचचा वास येतो, मीटर ६० दाखवतं तेव्हा तुम्ही खरे ६५ वर असता, आणि किलोमीटरही कमी मोजले जातात म्हणून अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. इंजिनात दम आहे, एक्सलमधले गिअर बदलून घ्यायची गरज नाही असं जे सांगतात त्यांनी भरलेली गाडी घेऊन एकदा मंडलेश्वरकडून जामगेट चढून दाखवावं. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास, तो सगळा चढ येताना एकदम अंगावर येतो.

हिशोब सोपा आहे. जुना रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) गुणिले नवीन टायरची उंची भागिले जुनी उंची. माझं क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली गिअरची जोडी, ४१ आणि ११ दात, म्हणजे ३.७३. हिशोबाने ४.०८ यायला पाहिजे, आणि ४१-१० चा सेट ४.१० देतो, म्हणजे अगदी जवळ. तो सेट पुढे आणि मागे दोन्हीकडे टाकायचा ठरला, बिलातही दोन सेट लिहिलेत. गाडी देताना गॅरेजवाला म्हणाला, ‘भिया, दोनों एक्सल कर दिए, बिंदास ले जाओ.’

कच्च्या वाटेवर काळी माती, वरून ओली, आतून चिकट. फोर व्हील टाकली, चिखलातून व्यवस्थित निघाली. पुढे कडक मुरूम आणि दगड लागले तशी गाडी झटके द्यायला लागली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या एक्सलला ताकद जोडणारा) लिव्हर निघेचना. रिव्हर्स घेत, चाक इकडेतिकडे फिरवत शेवटी सुटला. हे लिहितानाही खांदे दुखतायत. कारण असं की मागे ४.१० आणि पुढे तेच जुनं ३.७३. ट्रान्सफर केसमधून दोन्ही एक्सलला जाणारे शाफ्ट सारखे फिरतात, पण मागचं चाक १०० मीटर जातं तेवढ्यात पुढच्याला ११० जायचं असतं. चिखलात चाक घसरून फरक निघून जातो, कडक जमिनीवर तो कुठेच जात नाही, सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर. अशीच पुढे रेटली असती तर काहीतरी नक्की तुटलं असतं.

मंडलेश्वरला पंक्चरवाल्याकडे जॅक मागून मोजलं. हे तुम्ही इंदुरातच करा, गॅरेजवाल्यासमोर, पैसे देण्याआधी. एकच चाक उचला, बाकीच्यांना दगड लावा कारण हँडब्रेक सोडावा लागतो. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफरचा लिव्हर टू व्हीलमध्ये, पुढचं मोजताना हब लॉक, म्हणजे चाक एक्सलला जोडलेलं राहतं. शाफ्टवर खडूने खूण करा आणि उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन का, तर दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, म्हणून उचललेलं दुप्पट फिरतं. शाफ्टचे फेरे म्हणजेच रेशो. मागे चार आणि वर थोडंसं आलं, पुढे पावणेचारही भरले नाहीत. लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (एक्सलची दोन चाकं मोकळेपणाने वेगवेगळी फिरू न देणारं) बसवलेलं असेल तर ही पद्धत चालणार नाही, पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपांना ते नसतंच.

लिफ्टबद्दल, म्हणजे गाडी उंच करून घेण्याबद्दल आता. लोक लिफ्टवर आधी पैसे घालतात, ते उलटं आहे. लिफ्टने बॉडी वर जाते, एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो, तो फक्त टायरने वर येतो, तेही उंचीच्या फरकाच्या निम्माच. माझा ३४-३५ मिलिमीटर आला. म्हणून टायर घासणार नाही एवढीच लिफ्ट करा. एक्सल आणि पाट्यामध्ये ब्लॉक घालून पुढची बाजू उचलणाऱ्याकडे गाडी देऊच नका, ब्रेक मारला की पाटा पिळतो. चांगले पाटे करून घ्या. त्यासोबत ब्रेकचे होज लांब लागतात, शॉकअप लांब लागतात, शाफ्टचा अँगल बिघडून ४०-५० वर थरथर सुरू होऊ शकते, आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या चाकांचा पुढेमागे कल) बिघडला तर गाडी हायवेवर सरळ राहत नाही. चार इंच लिफ्ट स्वस्तात करून देतो म्हणणारा यातलं काहीच करत नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या, कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून हटून केलेले बदल त्यात अडकतात, इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी तेच काढतो.

एक मात्र सांगतो, परत येताना नुसत्या टू व्हीलमध्ये जामगेटचा घाट तिसऱ्यात ओढत वर आली, जिथे मोठे टायर घातल्यापासून दुसरा सुटत नव्हता. इतका आनंद झाला की वर थांबून दोनदा चहा प्यायलो. गिअर बदलण्याचे पैसे पूर्ण वसूल, लिफ्टबद्दल असं म्हणणार नाही.

पुढचा सेट आता दुसऱ्या मिस्त्रीकडे बसवलाय, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेज लावून माझ्यासमोर मोजला, दातांना रंग लावून ते कुठे टेकतात तो पॅटर्न दाखवला. तो न दाखवणाऱ्याकडून क्राउन-पिनियन बसवू नका, महिन्याभरात हूं हूं आवाज सुरू होईल. नवीन सेटवर पहिल्याच दिवशी घाट नको. आधी वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, ८०० किलोमीटरपर्यंत ओझं टाळा आणि मग तेल बदला. तेलात बारीक चुरा निघेल, तो चालतो. तुकडे निघाले तर गाडी तिथेच उभी करा.