तुम्ही विचारलंत म्हणून: व्याकरणाशिवाय भाषा चालते का?

मी मिरजेत स्पीच थेरपिस्ट आहे. पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेलेली माणसं आमच्याकडे येतात, आणि सोबत आलेल्या घरच्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, व्याकरणाचं राहू द्या ओ, नुसते शब्द आले तरी बास, आम्हाला कळतंय की." मग त्यांच्यातलाच एखादा मुलगा नाहीतर जावई बाहेर पॅसेजमध्ये गाठून तोच मुद्दा जरा मोठा करून विचारतो, की खरंच व्याकरण लागतं कशाला, आमची आजी शाळेची पायरी चढली नव्हती, कर्तरी-कर्मणी कशाशी खातात माहीत नव्हतं, तरी अख्ख्या गल्लीला पुरून उरायची. पॅसेजमध्ये उभ्या उभ्या याचं उत्तर धड देता येत नाही म्हणून इथे लिहिते.

आधी आजीचं. आजीला कर्मणी प्रयोग ओळखता येत नव्हता, करता मात्र येत होता. भाकरी खाल्ली, भात खाल्ला, पिठलं खाल्लं. खाणारी तीच, पण क्रियापद फिरतंय ते ताटात काय पडलंय त्यावरून, आणि तेच "खाते" म्हणायची वेळ आली की भात असो नाहीतर भाकरी, क्रियापद परत आजीच्या बाजूला. ह्यात ती कधी अडखळली नसणार, तुम्हीही वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून अडखळत नाही. हे व्याकरण. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली जे पुस्तकात घातलं ते ह्याच माणसांच्या बोलण्यातून वेचलेलं होतं. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी साधारण हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, "श्रीचावुण्डराजें करवियलें". तेव्हा मराठीचं पुस्तकी व्याकरण कुठलं, पण बघा, मूर्ती उभारणाऱ्या चावुंडरायानं स्वतः छिन्नी हातात धरली नव्हती, पैसे देऊन दुसऱ्याकडून काम करून घेतलं होतं, आणि हे सगळं "केलें"च्या जागी "करवियलें" म्हटल्यावर आपोआप आलं. (आणि कृपा करून "आणि"तली वेलांटी पहिली की दुसरी ह्याला व्याकरण म्हणू नका, ते शुद्धलेखन, त्याचे नियम १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं ठरवले, उद्या परत बदलले तरी बोलणं तसूभर हलणार नाही.)

म्हणजे पुस्तकाशिवाय भाषा चालते का, तर झकास चालते. पण घरचे जे विचारतात ते वेगळं असतं. ते पेशंटच्या डोक्यातनंच व्याकरण गेलं तर काय, असं विचारत असतात. आणि हे आम्ही रोज बघतो.

एक काका होते, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते). डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात स्ट्रोक, उजवा हात लुळा. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलातल्या, नुसतं "तान" एवढंच बोलणाऱ्या पेशंटवरून ह्या भागाकडे बोट दाखवलं म्हणून त्या प्रकाराला ब्रोका अफेझिया म्हणतात (अफेझिया म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं). काकांना शब्द येत होते, थांबत थांबत, पण नुसते सुटे. "चहा... साखर... नको." "औषध... कडू." घरात काहीही अडत नव्हतं, काकू अर्ध्या शब्दावरून ओळखायच्या, आणि मला प्रत्येक वेळी ऐकवायच्या की बघा, चाललंय की आमचं. चाललं होतंच, मी कुठं नाही म्हणतेय.

मग एक दिवस काका म्हणाले, "दादा... पैसे... शेत... दादा." आता दादाला पैसे द्यायचे, की दादाकडून यायचेत, की देऊन झालेत, शेत विकायचंय की सोडवून घ्यायचंय, की काहीच करू नका असं सांगतायत? घरात ह्यावरून भांडण पेटलं, ज्याला जे सोयीचं ते तो ऐकू लागला, आणि काका डाव्या हातानं कॉट बडवायला लागले. शेवटी मी कागदावर दोन माणसं काढली, मध्ये बाण काढला, एकदा इकडून तिकडं आणि एकदा तिकडून इकडं, आणि असं हो-नाही हो-नाही करत करत तासाभरानं कळलं की दादाचे पैसे फिटल्याशिवाय शेताच्या कागदावर सही करायची नाही, आणि हे फिटायचेत अजून. चार शब्द त्यांनी बरोब्बर दिले होते. नव्हतं काय, तर "चे", "वर", "शिवाय" आणि "नाही".

मला ह्या कामात जे कळलं ते एवढंच आहे खरं तर. समोर दिसणाऱ्या गोष्टीला व्याकरण फारसं लागत नाही, चहाचा कप समोर आहे, बोट दाखवलं तरी भागतं. मंडईत भाषा न येणारा माणूससुद्धा कोथिंबीर घेऊन येतो. पण जे समोर नाही, कालचं, उद्याचं, झालं असतं तर, कुणी कुणाला, ह्याच्याशिवाय ते नाही, तिथं नुसते शब्द ठेवले की ऐकणारा आपल्या मनाचं जुळवतो. आणि माणसाच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक समोर नसतातच.

गंमत म्हणजे ऐकण्यातही तेच होतं. आम्ही चित्रं ठेवतो आणि वाक्य सांगून बोट ठेवायला लावतो. "मुलीने आंबा खाल्ला" हे काकांना लगेच कळायचं, कारण आंबा मुलीला खात नाही, जगाचं ज्ञान कामाला येतं. "मुलीला मुलाने ढकललं" म्हटलं की बोट चुकीच्या चित्रावर, म्हणजे मुलगीच ढकलतेय त्या चित्रावर. पहिला ऐकला तो करणारा, असा त्यांचा हिशोब, "ने" आणि "ला" कानावर पडत होते पण पोचत नव्हते. आपण बोलताना हे प्रत्यय जवळजवळ गिळतो ना, त्यांच्यावर केवढं ओझं असतं ते तेव्हा दिसतं.

ह्याच्या उलट केसही येते, आणि ती जास्त अवघड. वेर्निके अफेझिया, १८७४ मध्ये वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरनं सांगितलेला, मेंदूच्या जरा मागच्या बाजूचा. ही माणसं फाडफाड बोलतात, चढउतार ठीक, प्रत्ययही बऱ्यापैकी जागच्या जागी, "अहो मी ते तिथं ठेवून त्यांना सांगितलं होतं ना की ते तसं करून घ्या म्हणजे मग त्याचं ते होतंच." फोनवर पहिली दोन मिनिटं नातेवाइकांना काही बिघडलंय हेच कळत नाही. वाक्याचा सांगाडा आहे, आत काही नाही, आणि ऐकलेलं समजायचीही बोंब. काकांशी माझा संवाद व्हायचा, इथं होत नाही. तेव्हा घरच्यांचं म्हणणं मी निम्मं मान्य करते, निव्वळ शब्द आणि निव्वळ व्याकरण ह्यातलं एक निवडा म्हटलं तर शब्दच घ्या.

पण धडधाकट माणसं एकत्र आली की नुसत्या शब्दांवर थांबत नाहीत, हेही तितकंच खरं. निकाराग्वात बहिऱ्या मुलांचं उदाहरण आहे. १९७७ मध्ये मानाग्वात शाळा निघाली, १९७९ च्या क्रांतीनंतर शाळेतल्या मुलांची संख्या वाढली. तोवर प्रत्येक मूल आपापल्या घरात एकटं, घरापुरते हातवारे. शाळेत त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवायचा आटापिटा चालला होता आणि तो काही जमत नव्हता, इकडे मैदानात आणि बसमध्ये पोरांनी आपले हातवारे एकत्र केले. मोठ्या मुलांची ती खिचडीच होती, पण मागून आलेल्या लहानग्यांनी तीच उचलून तिला नियम लावले, कोणी न सांगता. १९८६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तिथं गेल्या तेव्हा हे नजरेत भरलं. त्यातला एक नियम मला फार आवडतो, दोन खुणा हवेत एकाच जागी केल्या की त्या एकाच माणसाबद्दल. म्हणजे "कुणी कुणाला" हा काकांना छळणारा प्रश्न त्या पोरांनी जागेवर सोडवला, एकही प्रत्यय न वापरता.

आणि लांब कशाला, इथून हाकेच्या अंतरावर कुपवाड आहे. आता महापालिकेत आहे आणि एमआयडीसी म्हणून माहिती आहे, पण गम्पर्झ आणि विल्सन ह्या दोन अभ्यासकांनी १९७१ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि कुपवाडचं नाव जगभरच्या भाषाशास्त्रात पोचलं. तिथले जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलायचे, मुसलमान उर्दू, दलित मराठी, आणि शेतात, बाजारात सगळ्यांचा एकमेकांशी रोजचा संबंध. शतकानुशतकं असं झाल्यावर काय व्हावं, तर शब्द ज्याचे त्याचे राहिले आणि वाक्यांची बांधणी एक होत गेली, इतकी की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यायचं. तिथल्या मराठीत "तिथं नदी आलं" म्हणायचे, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक. पुण्याच्या माणसाला हे कानाला खटकेल, खटकू दे. मला ह्यातलं विशेष हे वाटतं की लोकांनी शब्दांवरून आपली जात, धर्म, घर राखलं, आणि एकमेकांना समजण्यासाठी जे वाटून घेतलं ते व्याकरण.

आता जे घरी पेशंट सांभाळतायत त्यांच्यासाठी. आरती अख्खी म्हटली म्हणून लगेच पेढे वाटू नका, पाठ केलेलं, आकडे, शिव्या हे स्ट्रोकनंतरही बऱ्याच जणांचं शाबूत राहतं आणि त्यातलं व्याकरण तयार मालासारखं येतं, ते त्यांना दुसऱ्या वाक्यात वापरता येत नाही. आणि ते "पैसे... दादा" म्हणाले की पटकन स्वतः वाक्य पुरं करून मोकळे होऊ नका. "दादाला, की दादाकडून?" असे दोनच पर्याय द्या, प्रत्ययावर जोर देऊन, आणि मग गप्प बसा, त्यांना वेळ लागतो, टीव्ही बंद असला तर कमी लागतो.