हॅरोची टेकडी

"या चर्चच्या आधी इथे वेगळेच देव होते, बरं का." लंडनमधल्या हॅरोच्या टेकडीवर, सेंट मेरी चर्चच्या आवारात बाकावर बसलेल्या एक इंग्रज आजी आज सहज बोलून गेल्या. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

हॅरो म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'हेअर्ग'. देवस्थान, तेही ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या देवांचं. ७६७ सालच्या, राजा ऑफाच्या काळातल्या सनदेत 'गुमेनिंगा हेर्गे' असं नाव येतं: गुमेनिंग लोकांचं देवस्थान. तोवर ख्रिस्ती धर्मप्रसारकांना इंग्लंडात येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली होती! पूजा थांबली, १०९४ मध्ये टेकडीवरच्या चर्चचं पवित्रीकरण झालं, पण नाव कुणी पुसलं नाही.

मला चटका लावतात ते गुमेनिंग. त्या सनदेबाहेर त्यांचा मागमूस लागत नाही. पुढे तर नावातूनही ते गळाले, उरलं नुसतं हॅरो.

आज इथे आमच्यासारखी मराठी घरंही आहेत. रोज पत्त्यात हे नाव लिहितो आम्ही.

तुमच्या गावाच्या नावात कोण राहून गेलंय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कधी विचारलंत?