जळगाव ते किगाली, व्हाया कंपाला (साथ चालू असताना)

ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या आधीची गोष्ट. चुलतभाऊ युगांडाच्या राजधानीत, कंपालाला असतो, त्याचं रवांडाच्या राजधानीत, किगालीला काम निघालं म्हणून मीपण गेलो. तेव्हा तिकडे एक नाही दोन साथी. एमपॉक्स (आधीचं मंकीपॉक्स) काँगोतून बुरुंडी, रवांडा, केनिया, युगांडापर्यंत पोचलेला, १४ ऑगस्टला डब्ल्यूएचओने जागतिक आणीबाणी जाहीर केलेली, आणि रवांडात २७ सप्टेंबरपासून मारबर्ग, इबोलासारखा विषाणूचा जीवघेणा ताप. आईचं निघेपर्यंत एकच, "तठे साथ चालू शे, कसाले जास रे दादा?"

आधी यलो फिव्हरची लस. ती गावातल्या दवाखान्यात मिळत नाही, अधिकृत सेंटरलाच घ्यावी लागते, मी मुंबईला घेतली. लसीचं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं म्हणून तिकीट त्या हिशोबाने काढा. कार्ड नसेल तर युगांडात अडकालच, आणि परत येताना इकडेही सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला ठेवू शकतात.

कंपालाहून रात्रीची बस. युगांडा-रवांडाच्या कटुना बॉर्डरला सगळे खाली, साबण लावून हात धुवा, मग कपाळावर ती थर्मामीटरची गन. माझ्या पुढे एक बाई, कडेवरचं पोरगं तापाने फणफणलेलं, तिला बाजूला तंबूत नेलं. भाऊ म्हणे मलेरिया असणार, पण मारबर्ग सुरुवातीला तसाच दिसतो, ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मग टेस्ट होईपर्यंत कोण सोडणार? म्हणून माझं ऐकाल तर साथीपेक्षा डासांना जास्त घाबरा, मच्छरदाणी, ओडोमॉस, आणि मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून इथूनच सुरू करा. अन् ताप असताना क्रोसिन खाऊन गनसमोर उभं राहायची हुशारी करू नका राव, बसमधल्या बाकीच्यांनाही घरी पोरंबाळं आहेत.

मारबर्ग हवेतून नाही, आजारी माणसाच्या रक्त-उलटी-घामातून पसरतो. रवांडात ६६ जणांना झाला, १५ गेले, त्यात बहुतेक नर्स-डॉक्टरच होते. हॉस्पिटलात पेशंटला भेटायला जायला बंदी होती, ते मला एकदम पटलं. आपल्याकडे करून बघा, आयसीयूबाहेर डबे घेऊन अख्खी भाऊबंदकी! वटवाघळांच्या गुहा बघायच्या टूरला तर जाऊच नका, युगांडातल्या पायथन केव्हमध्ये जाऊन आलेली एक डच बाई २००८ मध्ये याच मारबर्गने गेली.

परत आल्यावर २१ दिवस अंगावर लक्ष ठेवा. ताप किंवा पुरळ आलं तर आधी फोन करून, कुठून आलो ते सांगून मगच दवाखान्यात जा, थेट ओपीडीच्या गर्दीत जाऊन बसू नका.

बाकी युगांडातून रवांडात गेल्यावर घड्याळ एक तास मागे करा. आणि तिकडे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, बॉर्डरवर बॅगा उघडून काढून घेतात, त्यामुळे घरची शेव, ठेचा, पापड कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका, स्टीलचा डबा बरा.